विशेषनामापासून सुरुवात

संगणकाच्या अध्यापनाविषयी मराठीच्या अध्यापकांनी मत देऊ नये असा एक अलिखित संकेत आहे, आणि एरवी तो पाळण्यात शहाणपण आहे. परंतु संगणकशास्त्राचे अध्यापक ज्या अडचणीला 'मुलांचे लॉजिक कच्चे आहे' असे म्हणतात, ती पुष्कळदा भाषेची अडचण असते. आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग या विषयाच्या बाबतीत तर ती इतकी उघडउघड भाषेची आहे की आपण गप्प राहणे हाच कामचुकारपणा ठरेल. बी.एस्सी. आणि बी.सी.ए.च्या वर्गांना भाषेचा तास घेताना ही मुले आपल्यासमोर बसलेली असतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकाएकी इंग्रजी, आणि पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात सी प्लस प्लस किंवा जावा. एकाखाली एक आज्ञा लिहायच्या असतात तोवर त्यांचे बरे चाललेले असते. मग 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' येतात आणि त्यांतील कित्येक जण, चांगल्या बुद्धीची मुलेसुद्धा, 'हे आपले काम नव्हे' असे मनाशी ठरवून व्याख्या पाठ करायला लागतात. ती उत्तीर्ण होतात, पण विषयाशी त्यांचा संबंध तिथेच तुटतो. ही हानी टाळता येण्याजोगी आहे, असे आमचे मत आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. प्रोग्रॅमसाठी आपण मराठीत 'आज्ञावली' हा शब्द रूढ केला. शब्द चांगला आहे, परंतु तो जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमलाच नेमका लागू पडतो: एक आज्ञा देणारा, एक निमूटपणे पाळणारा, आणि पाककृतीसारखी क्रमवार यादी. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीत ही कल्पनाच बदलते. येथे प्रोग्रॅम म्हणजे लहान लहान घटकांची एक वस्ती असते. प्रत्येक घटकाजवळ स्वतःपुरती थोडी माहिती असते, स्वतःला करता येतील अशी थोडी कामे असतात, आणि दुसऱ्याकडून काही हवे असेल तर तो त्याला निरोप धाडतो. या घटकाला ऑब्जेक्ट म्हणतात. एकाच घडणीच्या ऑब्जेक्टांचा जो सामाईक आराखडा, तो क्लास. याला पाककृतीपेक्षा नाटकाचे रूपक शोभेल. नाटकात एका पात्राच्या मनातले दुसऱ्या पात्राला थेट दिसत नाही. जे कळायचे ते संवादातून कळते. (स्वगताचा अपवाद सोडून देऊ. तेही प्रेक्षकांसाठीच असते.)

या कल्पनेचा जन्म नॉर्वेतला. ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नायगार्ड यांनी १९६०च्या दशकात सिम्युला ही भाषा घडवली, आणि 'सिम्युला ६७' या तिच्या रूपात क्लास व ऑब्जेक्ट आजच्या अर्थाने अवतरले. रांगा, वाहतूक, कारखान्यातील कामे अशा प्रत्यक्ष जगातील घडामोडींची प्रतिकृती संगणकावर चालवून पाहणे हा त्यांचा हेतू होता. पुढे १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा सिद्ध केली. या नावाचा अर्थ 'किरकोळ गप्पा' असा होतो, हे साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावे. 'ऑब्जेक्ट' हा शब्द आपण रूढ केला याबद्दल के यांनी १९९८ साली खेद व्यक्त केला होता. त्या शब्दामुळे लोकांचे लक्ष वस्तूंवर खिळले आणि वस्तूंमधील निरोपांच्या देवाणघेवाणीवरून उडाले, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्याकडील क्रमिक पुस्तके उघडून पाहावीत म्हणजे के यांचा खेद किती रास्त होता ते कळते. पहिल्याच प्रकरणात चार 'वैशिष्ट्ये' येतात: एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. प्रत्येकाची दोन ओळींची व्याख्या, आणि व्याख्येखाली एक उदाहरण. प्राणी हा क्लास. कुत्रा आणि मांजर हे त्याचे वारसदार. दोघांनाही 'आवाज काढ' म्हटले की कुत्रा भुंकतो, मांजर म्यांव करते. आपण अलंकार शिकवताना उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि साम्यवाचक शब्द अशी चार अंगे सांगतो. या कुत्र्याच्या उदाहरणात उपमान तेवढे ओळखीचे आहे. उपमेयाशी विद्यार्थ्याची अजून भेटच झालेली नाही. ज्याला ते समजावून द्यायचे तेच त्याने पाहिलेले नाही, तर साधारणधर्म कोणता हे त्याने ओळखायचे कशावरून? शिवाय हा कुत्रा प्रोग्रॅममध्ये येऊन करतो काय, तर पडद्यावर 'भू भू' अशी एक ओळ उमटवतो. तेवढ्यासाठी क्लास कशाला हवा, ही शंका चलाख विद्यार्थ्याच्या मनात येते, आणि ती योग्य आहे. एकट्या कुत्र्याला बोलायला कोणी नाही. सुरुवातीचे उदाहरणसुद्धा पुरेसे गुंतागुंतीचे असले पाहिजे असा नायगार्ड यांचा आग्रह असे, आणि ते उपाहारगृहाचे उदाहरण देत. उपाहारगृहात निदान गिऱ्हाईक, वाढपी आणि आचारी यांच्यात काही बोलणे तरी होते.

इंग्रजी संज्ञा कठीण जातात म्हणून त्यांच्या जागी मराठी शब्द ठेवले की काम भागेल, असे मात्र कोणी समजू नये. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड'चे 'वस्तुनिष्ठ' असे भाषांतर केले, तर समीक्षेत त्या शब्दाला जो अर्थ आहे तो आडवा येतो. इनहेरिटन्सला 'वारसा' म्हणावे, तर आपल्याकडे वारसा म्हणजे वडिलांच्या पश्चात मुलाकडे येणारी इस्टेट. येथे कोणाचे काही कोणाकडे जात नसते. 'वाघ हा मांजरकुळातला' या वाक्यात जो संबंध आहे, तेवढाच येथे अभिप्रेत आहे: सामान्याची लक्षणे विशेषात असतातच, शिवाय विशेषाची आपली वेगळी असतात. वाघ मांजराकडून मिशा घेत नाही. सर्वांत फसवा शब्द 'बहुरूपता'. तो उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर बहुरूपी उभा राहतो, म्हणजे एकच माणूस, आज पोलीस होऊन येणारा आणि उद्या साधू होऊन येणारा. पॉलिमॉर्फिझमच्या ज्या अंगाशी नवशिक्याची गाठ पडते ते जवळजवळ याच्या उलट आहे. निरोप एकच असतो. तो ऐकणारे वेगवेगळे असतात आणि प्रत्येक जण आपापल्या परीने तो पाळतो.

हे समजावून द्यायला मराठीत त्या शब्दापेक्षा कितीतरी चांगले साधन पडून आहे. 'लागणे' हे क्रियापद घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो. क्रियापद एकच, पण लागणे म्हणजे नेमके काय होणे हे ज्याला लागायचे ते नाम ठरवते. बोलणाऱ्याला आगीचे लागणे आणि भुकेचे लागणे यांची फोड मनात करावी लागत नाही. 'जर आग असेल तर असे, भूक असेल तर तसे' अशी यादी आपण डोक्यात बाळगत नाही. आणि तशी यादी प्रोग्रॅममध्ये लिहावी लागू नये, एवढ्यासाठीच पॉलिमॉर्फिझम आहे. उदाहरण तंतोतंत जुळते असा आमचा दावा नाही. पण ते विद्यार्थ्याच्या तोंडात आधीपासून आहे, कुत्र्यासारखे बाहेरून आणलेले नाही.

सर्वनामांचेही असेच. ऑब्जेक्टने स्वतःचा उल्लेख करायचा तर जावामध्ये 'धिस' आणि पायथनमध्ये 'सेल्फ' हा शब्द येतो. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी 'धिस'चा अर्थ 'हे' असा लावतो, म्हणजे दर्शक सर्वनाम म्हणून तो समोरची कोणती तरी वस्तू शोधू लागतो. वास्तविक येथे आत्मवाचक सर्वनाम हवे आहे. 'रमा स्वतःचे नाव सांगते, गणू स्वतःचे नाव सांगतो' या वाक्यांत 'स्वतः' कोण, हे जसे कर्त्यावरून ठरते, तसेच निरोप ज्याला गेला त्यावरून 'सेल्फ' कोण ते ठरते. सातवी-आठवीचे व्याकरण येथे पुरते.

आता क्रमाचा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. क्लास आधी शिकवला जातो, ऑब्जेक्ट मागाहून. आराखडा आधी आणि घर नंतर, हा बांधणाऱ्याचा क्रम झाला. शिकणाऱ्याचा क्रम तसा नसतो. मूल 'मनी' आधी ओळखते. 'मांजर' हे मनीखेरीज आणखीही कोणाचे नाव असते हे त्याला पुढे कळते. सामान्यनाम हे अनेक विशेषनामे भेटल्यानंतर पडलेले नाव आहे. स्मॉलटॉकच्या मंडळींना हे माहीत होते. ॲडेल गोल्डबर्ग यांनी पॅलो आल्टोमध्ये मुलांना शिकवताना एक चौकोन पडद्यावर आणला आणि त्याचे नाव ठेवले 'जो'. जो, तीस अंशांत वळ. जो, मोठा हो. मग 'जिल' नावाचा दुसरा चौकोन येतो; जो वळला तरी जिल जागची हलत नाही, आणि दोघांना सारखीच कामे येतात, हे मूल आपल्या डोळ्यांनी पाहते. क्लास म्हणजे काय हे त्याला अद्याप कोणी सांगितलेले नसते, आणि तरीही त्याला जवळजवळ कळलेले असते.

याउलट जावाचा नवशिका पहिल्या तासाला काय टंकतो? 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' आणि पुढे कंसात आणखी काही. याचा अर्थ विचारला की 'तो पुढे कळेल, तूर्त तसेच लिहा' असे उत्तर मिळते. मंगलाचरण म्हणून हे सोडूनही देता आले असते. परंतु त्यातील 'स्टॅटिक' या शब्दाचा अर्थच असा आहे की हे काम कोणत्याही एका ऑब्जेक्टचे नव्हे. म्हणजे ऑब्जेक्टांची भाषा शिकायला बसलेल्या मुलाकडून आपण पहिलीच ओळ अशी गिरवून घेतो की जिच्यात ऑब्जेक्ट नाही! जावा १९९५ साली लोकांसमोर आली. सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या जावा २५ या आवृत्तीपासून लहान प्रोग्रॅमसाठी हे मंगलाचरण अनिवार्य राहिलेले नाही. उत्तम झाले. पण तोवर थांबण्याचीही गरज नव्हती. मायकेल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात घडवलेले ब्लूजे हे साधन १९९९पासून उपलब्ध आहे. ते विनामूल्य आहे. त्यात क्लासच्या चौकटीवर टिचकी मारून ऑब्जेक्ट तयार करता येतो, त्याला नाव देता येते, आणि एकही ओळ न लिहिता त्याला निरोप धाडून तो काय करतो ते पाहता येते. जो आणि जिल यांचाच तो वारसा आहे. (येथे हा शब्द शोभतो.)

वस्तूंवर खिळलेल्या नजरेचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. ऑब्जेक्ट कसे शोधायचे यासाठी एक जुनी युक्ती सांगितली जाते: प्रश्नाचे वर्णन साध्या भाषेत लिहा, त्यातील नामे अधोरेखित करा, ती तुमची ऑब्जेक्टे, क्रियापदे ही त्यांची कामे. रसेल ॲबट यांच्या १९८३ सालच्या एका लेखातून ती प्रसिद्ध झाली. युक्ती टाकाऊ नाही. मात्र नाम म्हणजे वस्तू असे विद्यार्थ्याच्या मनात कुत्र्या-मांजरांनी आधीच ठसवलेले असते, आणि नामांचे तीन प्रकार असतात हे तो विसरलेला असतो. भाववाचक नाम त्याच्या हिशेबात येतच नाही.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. पुस्तक उशिरा परत आले. दंड किती, हे कोणाला विचारायचे? विद्यार्थ्यांचे पहिले उत्तर असते, ग्रंथपालाला. ही आज्ञावलीची सवय झाली: एक सर्वज्ञ माणूस आणि बाकी सारे मुके. ग्रंथपालाने सर्व काही लक्षात ठेवायचे तर त्याचा क्लास पाच पानांचा होतो आणि एक नियम बदलला की पाचही पाने उलथावी लागतात. दुसरे उत्तर, पुस्तकाला; कारण शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का असतो. पण त्या चिठ्ठीवर दहा वाचकांच्या दहा तारखा असतात. त्या पुस्तकाच्या म्हणाव्यात काय? तिसरे उत्तर, सभासदाला. परंतु सभासदाकडे एका वेळी तीन पुस्तके आहेत, तिन्हींच्या मुदती निराळ्या. येथे वर्ग थोडा वेळ शांत होतो. मग कोणाच्या तरी लक्षात येते की तारीख पुस्तकाचीही नाही आणि सभासदाचीही नाही. ती या सभासदाने हे पुस्तक नेले या घटनेची आहे. 'देवघेव' हे ऑब्जेक्ट आहे. तिला हात लावता येत नाही, ती फळीवर ठेवता येत नाही, तरी तिच्याजवळ नेल्याची तारीख असते आणि 'दंड किती?' या निरोपाला तीच उत्तर देऊ शकते. उत्तर देण्यापूर्वी ती सभासदाला विचारते, तुझी मुदत किती? विद्यार्थी म्हणतो पंधरा दिवस, प्राध्यापक म्हणतो पूर्ण सत्र. पॉलिमॉर्फिझम हा शब्द न उच्चारता तो येथे येऊन गेलेला असतो.

त्याच ग्रंथालयात आणखी एक प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचा वाटावा. एका कादंबरीच्या पाच प्रती आहेत. 'ते पुस्तक मी वाचले आहे' आणि 'ते पुस्तक फाटले आहे' या दोन वाक्यांतील 'पुस्तक' एकच नव्हे. पहिले कृती, दुसरे प्रत. नवशिका हमखास कादंबरीला क्लास करतो आणि प्रतींना तिची ऑब्जेक्टे. मग नवी कादंबरी विकत घेतली की नवा क्लास लिहिण्याची पाळी येते. वास्तविक कृती हे एक ऑब्जेक्ट, प्रत हे दुसरे, आणि प्रत्येक प्रतीला आपली कृती ठाऊक. पाठचिकित्सा शिकलेल्याला हा भेद नवा नाही.

हे सारे फळ्यावर करण्यापेक्षा हातात कार्डे देऊन करावे. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ साली ही रीत मांडली: एका कार्डावर एका क्लासचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि त्याचे सहकारी, बस्स. कार्ड ज्याच्या हातात असेल त्याने 'मी' म्हणून बोलायचे. 'मी देवघेव. मला तारीख माहीत आहे, मुदत माहीत नाही, ती मी सभासदाला विचारते.' दुसऱ्याच्या कार्डावर डोकवायचे नाही. एन्कॅप्सुलेशनची व्याख्या घोकण्यापेक्षा हा नियम एकदा मोडू पाहावा आणि समोरच्याने कार्ड छातीशी धरावे, म्हणजे ती अंगात मुरते. एकांकिका स्पर्धा गाजवणाऱ्या आपल्या महाविद्यालयांना यासाठी वेगळी साधनसामग्री लागणार नाही.

सर्वच जाणकार या पद्धतीच्या बाजूचे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०११ साली संगणकशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमातून ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग काढूनच टाकले. आधी दुसरी शिस्त, हे मागाहून. त्या निर्णयावर बोलण्याची आमची योग्यता नाही. आपल्याकडे तो विषय अभ्यासक्रमात आहे, तो असताना कसा शिकवावा एवढाच येथे प्रश्न आहे. दुसरा आक्षेप नोकरीचा: मुलाखती इंग्रजीत होतात, मग मराठी उदाहरणे कशाला? संज्ञा इंग्रजीच राहाव्यात असे आम्हीही म्हणतो. मुलाला 'पॉलिमॉर्फिझम' हा शब्द आलाच पाहिजे. प्रश्न एवढाच की तो शब्द आला तेव्हा त्याला चिकटायला मनात काही आधीपासून असावे की नसावे.

वाचनाबद्दल मात्र आपण अधिकाराने बोलू शकतो. के यांनी १९९३ साली लिहिलेल्या स्मॉलटॉकच्या इतिहासात एक प्रांजळ हकिकत आहे. मुलांबरोबर यश मिळाल्यावर प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या प्रौढांचा एक वर्ग घेतला गेला. भाषेची ओळख झाल्यावर त्यांना नाव-पत्त्यांच्या कार्डसंग्रहासारखा एक लहान प्रोग्रॅम करायला सांगितला. तो त्यांना जमला नाही. के यांनी मग त्या प्रोग्रॅमसाठी मनात असाव्या लागणाऱ्या, पण सहज न सुचणाऱ्या कल्पना मोजल्या, तर त्या सतरा भरल्या. त्यांनी काढलेला निष्कर्ष आपल्या परिचयाचा आहे: लिहिता-वाचता येणे पुरत नाही, त्या कल्पना ज्यातून पोचतात असे वाङ्मय वाचलेले असावे लागते. कथा न वाचता कोणी कथा लिहायला बसत नाही. संगणकाच्या प्रयोगशाळेत मात्र मुलगा पहिल्या दिवसापासून कोऱ्या पडद्यासमोर 'लिहीत' असतो, आणि तीन वर्षांत दुसऱ्या कोणाचा एकही चांगला प्रोग्रॅम त्याने सावकाश, ओळीओळीने, वर्गात चर्चा करत वाचलेला नसतो.

अभ्यासक्रम बदलायला वर्षे लागतील, पण प्रश्नपत्रिका एका सत्रात बदलता येते. 'पॉलिमॉर्फिझमची व्याख्या लिहून सोदाहरण स्पष्ट करा' या प्रश्नाऐवजी ग्रंथालयाचा दीड पानाचा प्रोग्रॅम छापून द्यावा आणि विचारावे: एका प्राध्यापकाने पुस्तक वीस दिवस उशिरा आणले, तर कोण कोणाला काय विचारील ते क्रमाने लिहा, आणि उद्या ग्रंथालयाने मासिकांचे अंकही आठवडाभरासाठी घरी द्यायचे ठरवले, तर यांतील कोणते क्लास बदलावे लागतील आणि कोणते जसेच्या तसे राहतील, ते कारणासह सांगा. उत्तर मराठीत लिहिण्याची मुभा असावी, संज्ञा इंग्रजी ठेवून.